दिव्यावर खापर फोडण्याआधी

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या लॅबवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: झेनॉन मशीन (झेनॉन दिव्याच्या उजेडात कापडाचा रंग किती टिकतो ते तपासणारं यंत्र) पेटलं नाही की दिवा गेला, इरॅडियन्सचा, म्हणजे नमुन्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचा, अलार्म आला तरी दिवाच गेला, नमुन्यांवर फवारायला पाणी आरओचं चालतं, आणि उजेड झगझगीत आहे तोवर दिवा बदलायची गरज नाही. चारही गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात, म्हणूनच पुढे जातायत.

आधी न पेटण्याचं. दार नीट लागलंय, पाण्याचा किंवा हवेचा प्रवाह पुरेसा आहे, तापमान मर्यादेत आहे, हे त्या त्या स्विचांनी कळवल्याशिवाय दिवा पेटवणाऱ्या इग्नायटरला वीजच जात नाही. त्यामुळे बटण दाबून कान द्या. तडतड ऐकूच आली नाही, तर दिवा राहू द्या. फ्लो स्विच, दाराचा स्विच, फ्यूज बघा. तडतड होते पण पेटत नाही, तर टर्मिनल काळी पडलीत का, हाय व्होल्टेजची वायर कुठे भाजलीय का ते बघा, मग दिव्याकडे वळा. पेटून लगेच विझत असेल तर पॉवर सप्लाय आणि लाइनचं व्होल्टेज तपासा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लॅबनं थेट नवा दिवा आणून बसवला, तोही पेटेना. पाण्याच्या लाइनीतली जाळी उघडली तर ती क्षारांच्या खपल्यांनी बुजलेली. जाळी धुतली आणि जुनाच दिवा लागला. (इग्नायटरचा झटका हजारो व्होल्टचा असतो आणि मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. टेस्टर घेऊन आत डोकावणाऱ्याला आधी बाजूला करा.)

अलार्मचं म्हणणं अर्धं खरं आहे. दिवा जुना होतो तशी त्याची काच काळवंडते आणि ठरलेली इरॅडियन्स, समजा ४२० नॅनोमीटर तरंगलांबीला १.१० वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर, टिकवायला कंट्रोलर वॅट वाढवत नेतो. वॅट कमाल मर्यादेला टेकले की अलार्म येतो. पण दिवा आणि सेन्सर यांच्यामध्ये फिल्टरच्या काचा असतात, त्यांच्यावर साय धरली तरी हेच होतं. म्हणून काचा आणि सेन्सरची खिडकी पुसून पुन्हा चालू करा. वॅट खाली आले तर दोषी सापडला. वॅट कमालीला पोचलेच नाहीत आणि तरी रीडिंग पडतंय, तर सेन्सरचं कॅलिब्रेशन किंवा कंट्रोल सर्किट बघा. तिथे नवा दिवा काय करणार?

सगळ्यात घातक सल्ला आरओचा. आपल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, हजार पीपीएम (दहा लाख भागांत हजार) धरा. आरओनं ९८ टक्के क्षार काढले तरी २० पीपीएम उरतात, आणि आयएसओ ४८९२-२ हे झेनॉन चाचणीचं मानक फवाऱ्याच्या पाण्यात १ पीपीएमसुद्धा चालवून घेत नाही. त्यात सिलिकाची मर्यादा ०.२ पीपीएम. गंमत अशी, की साध्या पाण्यात सिलिका बहुतांशी विद्युतभार नसलेल्या रूपात असते, त्यामुळे विद्युतवाहकता मोजणाऱ्या टीडीएस पेनला ती दिसतच नाही. उरलेले क्षार काढायला आरओपुढे जो डीआय प्लँट लावतात, त्याचं रेझिन थकायला लागलं की आधी सिलिकाच निसटते, कंडक्टिव्हिटी नंतर वाढते. म्हणजे पेनवर शून्य आणि नमुन्यांवर पांढरे ठिपके, असा प्रकार होतो. पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनमध्ये तोच थर दिव्यावर आणि काचांवरही चढतो. सिलिकाची वेगळी तपासणी करा आणि पेनवरचा आकडा वाढायची वाट न बघता रेझिन बदला.

राहिला झगझगीत उजेड. डोळ्याला दिसतो तो दृश्य प्रकाश, आणि दिवा म्हातारा होताना आधी घटतं ते अतिनील. इरॅडियन्स कंट्रोल नसलेल्या जुन्या मशीनवर तर हे कळतही नाही. टॉवेलचा रंग टिकला म्हणून रिपोर्टवर रंग टिकण्याचा ग्रेड पाच लिहिला जातो. तासांचं मीटर बघा, आणि प्रत्येक बॅचसोबत ब्लू वूलच्या पट्ट्या (किती उजेडात फिक्या पडतात ते ठरलेल्या, नंबर दिलेल्या निळ्या लोकरीच्या पट्ट्या) लावा. चार नंबरची पट्टी नेहमीच्या वेळेत फिकी पडली नाही, तर दिवा कितीही लखलखू दे, तो बदला. नवा बसवताना काचेला उघडा हात लावू नका. घामातलं मीठ तापलेल्या क्वार्ट्झला पांढरे डाग पाडतं.