आयडी-क्लासला देवनागरी चालते

सोलापुरात वेब डिझाइन शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयडी-क्लासबद्दल (वेबपानातल्या घटकांना द्यायची नावं: आयडी एकाच घटकाचा, क्लास अनेकांना चालतो) एक मेसेज फिरत असतो: 'आयडी-क्लासचं नाव इंग्रजी अक्षरानेच सुरू करा, आकडा किंवा देवनागरी आली की पान मोडतं. कॅपिटल-स्मॉल काहीही चालतं. एक आयडी दोनदा दिला तरी बिघडत नाही.' शिकवणारेही तो पुढे ढकलतात, हे मला खटकतं.

इंग्रजी अक्षराचा नियम होता, पण 1999 च्या एचटीएमएल 4.01 मध्ये (एचटीएमएल म्हणजे पानाची रचना लिहायची भाषा), आणि तोही आयडीपुरता. एचटीएमएल 5 ने तो काढून टाकला. आता आयडी रिकामा नको, त्यात स्पेस नको आणि पानात तो एकदाच यावा, एवढंच. क्लासमध्ये स्पेस दिली की नावं वेगळी होतात: 'सोलापुरी चादर' हे दोन क्लास, 'सोलापुरी-चादर' हा एक.

आकड्याची गल्लत सीएसएसमुळे, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेमुळे झाली. एचटीएमएलला '2026-गड्डा' हा आयडी मान्य आहे. सीएसएसमध्ये मात्र आयडी दाखवणाऱ्या हॅशपुढे (#) थेट आकडा लिहिता येत नाही, बॅकस्लॅशने एस्केप करावा लागतो, म्हणजे तो नावाचाच भाग आहे हे सांगावं लागतं. 'गड्डा-2026' लिहिलं की प्रश्न मिटला.

देवनागरी सीएसएसलाही चालते, काना-मात्रा-जोडाक्षरांसकट. खरी अडचण वेगळी आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घालतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, ब्राउझरला मात्र दोन निराळी नावं, कारण तो अक्षरांचे संकेतांक (प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक) जसेच्या तसे ताडून पाहतो. एचटीएमएल एकाने आणि सीएसएस दुसऱ्याने टाइप केलं की स्टाइल लागत नाही आणि चूक डोळ्यांना सापडत नाही. अशी नावं एकदा टाइप करून पुढे कॉपीच करावीत.

कॅपिटल-स्मॉलचा भेद डॉकटाइप (पानाचा प्रकार सांगणारी सगळ्यात वरची ओळ) नीट दिलेल्या पानात पाळला जातो. डॉकटाइप विसरलात तर ब्राउझर जुन्या पद्धतीने वागतो आणि भेद करत नाही. बहुधा समज तिथूनच आली.

दोनदा दिलेला आयडी सगळ्यात घातक. रंग दोन्हीकडे लागतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण चादरीच्या दुकानाचा ऑर्डर फॉर्म घ्या: चादर आणि टॉवेल, दोन्ही रकान्यांचा आयडी 'नग'. टॉवेलच्या लेबलवर क्लिक केलं तरी कर्सर चादरीच्या रकान्यात जातो, कारण लेबल पहिल्याच आयडीला जोडलं जातं. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फॉर्म भरणाऱ्या अंध गिऱ्हाइकाला टॉवेलचा रकाना नावाशिवाय ऐकू येतो.