सादाओ वातानाबे यांनी जॅझ सोडलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा, की बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझशैलीचा प्रवर्तक सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या वाटेनं निघालेले जपानी आल्टो सॅक्सोफोनवादक वातानाबे १९७८च्या ‘कॅलिफोर्निया शॉवर’ या अल्बमपासून खपाच्या मागे लागले, जॅझ सोडून बसले, आणि माझ्या लेखात यावर पांघरूण घातलंय. मला हे अजिबात पटत नाही.

आधी तारखा बघा. १९७६ साली ‘आय ॲम ओल्ड फॅशन्ड’. साथीला पियानोवर हँक जोन्स, बासवर रॉन कार्टर आणि ड्रमवर टोनी विल्यम्स. १९७७ साली याच तिघांबरोबर ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’, त्यात ‘डोना ली’ ही बीबॉपची गाजलेली धूनसुद्धा आहे. आणि त्याच १९७७ मध्ये ली रिटनॉर, डेव्ह ग्रुसिन यांच्यासोबत ‘माय डिअर लाइफ’. म्हणजे बीबॉप आणि फ्यूजन (जॅझमध्ये रॉक-फंकचा ठेका मिसळलेली शैली) एकाच वर्षी, एकाच माणसाच्या हातून. शिवाय निव्वळ बीबॉप तर त्याच्या कितीतरी आधीच मागे पडलं होतं. १९६२ ते ६५ बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकताना ते गॅरी मॅकफार्लंड या वादकाबरोबर वाजवत होते, तिथून बोसा नोव्हा हा ब्राझीलचा संगीतप्रकार त्यांच्या वादनात आला. १९७२ मध्ये केनिया पाहिल्यावर आफ्रिकी ठेका आला. तेव्हा कुणी खपाचं नाव काढलं नव्हतं.

आता वादनाकडे येऊ. ‘डोना ली’त बहुतेक बारला (ठेक्याच्या प्रत्येक आवर्तनाला) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलते, त्यामुळे वादकाला पुढची वाट आपोआप मिळते. फ्यूजनमध्ये एकच कॉर्ड कित्येक बार तशीच राहते, बास आणि ड्रमचा ठेकाही ठरलेला. इथे कच्चा वादक पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या सप्तकाचे तेच ते सूर घोळवतो आणि सोलो मिनिटभरात बसतो. वातानाबे मुख्य सुराला वरून-खालून अर्ध्या सुरानं वेढा घालून त्यावर उतरतात. ही अस्सल बीबॉपची सवय. १९७७चे दोन्ही अल्बम लागोपाठ लावा, फक्त आल्टोवर कान ठेवा आणि प्रत्येक वाक्य कुठे संपतं तेवढंच बघा. सम चुकवून ऑफबीटवर तोडण्याची ढब दोन्हीकडे सापडेल.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत आहे. १९८०च्या, टोकियोच्या बुदोकान सभागृहातल्या ‘हाऊज एव्हरीथिंग’ या मैफलीच्या अल्बममध्ये ऑर्केस्ट्राचा पसारा इतका आहे, की आल्टोला श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्यापेक्षा १९७०चा ‘राउंड ट्रिप’ ऐका. पियानोवर चिक कोरिया, बासवर मिरोस्लाव्ह व्हितूस, ड्रमवर जॅक डीजॉनेट आणि वातानाबेंच्या हातात सोप्रानिनो हा छोटा सॅक्सोफोन. आल्टोच्या बरोबर एक सप्तक वरचं वाद्य, बोटं तीच. पण माउथपीस एवढासा, ओठांचा दाब जरा वाढला की सूर चढतो. तेवढं सांभाळून ते त्यावर किती मोकाट सुटतात, ते ऐकाच.