बाबा, परत एकदा!

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात जे पेटलंय ते अजून विझलेलं नाही. राजारामपुरीतल्या एका वर्गमित्रानं पट्टणकोडोलीच्या, धनगरांच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेची फोटो टूर काढली आहे. कोल्हापुरात एसी खोली, फेटा त्यांच्याकडून, भंडारा उधळताना उभं राहायला 'मोक्याची जागा', आणि शेवटच्या रात्री राधानगरीकडच्या एका धनगरवाड्यावर शेकोटीभोवती गजनृत्य. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत: 'सह्याद्रीतल्या आदिम जमातीसोबत तीन दिवस'. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, देवाचा तमाशा मांडलाय, कॅमेरेच बंद करा. दुसरा म्हणतो, बिचाऱ्यांना चार पैसे मिळतायत तर तुमच्या पोटात का दुखतंय?

माझ्या पोटात दुखलं ते 'बिचाऱ्यांना' या शब्दानं. दोनशेवर मेसेज झाले असतील, त्यात धनगर एकही नाही. आमच्या वर्गात एक होता. तो ग्रुपवर आहे का, हे कुणी बघितलंसुद्धा नाही. (मी बघितलं. नाही.)

आधी त्या पोस्टरचं घेऊ. गजनृत्य हे मैदानी मुलखातल्या, मेंढरं राखणाऱ्या धनगरांचं. राधानगरी-दाजीपूरच्या रानातले वाडे गवळी धनगरांचे, त्यांच्याकडं म्हशी. म्हणजे माणसं एकीकडची आणि नाच दुसरीकडचा. नागपूरचं सावजी मटण वाढून 'अस्सल कोल्हापुरी' म्हटलं तर हेच लोक हॉटेल डोक्यावर घेतील. आणि 'आदिम जमात'? हा समाज अनुसूचित जमातीत घ्या म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढतोय. यादीतलं 'धनगड' म्हणजेच 'धनगर' का, हा वाद कोर्टात गेला आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या. दाखला मागितला की जमात नाही, तिकीट विकायचं असलं की आदिम. आजारी माणसाला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो अशा वाड्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आमच्या ग्रुपवर त्या कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.

मी न्यूझीलंडात, रोटोरुआत राहतो, अकरा वर्षं झाली. गंधकाचा वास आता पाहुणे आले तरच आठवतो. पाहुणे आले की मी त्यांना फाकारेवारेवाला नेतो. ते माओरींचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, गाव आहे, लोक तिथं राहतात, वाफेवर स्वयंपाक करतात, गरम कुंडात उकडलेली कणसं विकतात. पुलाखालच्या पाण्यात पोरं नाणी झेलायला उड्या मारतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरी झालं, पंचगंगेच्या घाटावर देवाला टाकलेल्या नाण्यांसाठी बुड्या मारणारी पोरं आठवली. पण इथं फाटकावर तिकीट फाडणारी बाई त्याच पोरांपैकी कुणाची तरी मावशी असते. एकदा मराएवर, म्हणजे गावाच्या सभास्थानी, तांगी होती, म्हणजे मयताचा विधी. तिकीटवाल्या बाईनं आम्हाला अर्ध्या गावाकडं जाऊच दिलं नाही, आणि पैसे परत करायचा विषयही काढला नाही. मुंबईहून आलेल्या माझ्या साडूला राग आला. मला मात्र आत कुठंतरी बरं वाटलं.

हे लोक या धंद्यात आजचे नाहीत. रोटोमहाना तळ्याकाठच्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या बघायला गोरे प्रवासी यायचे, तेव्हा इथल्या माओरींतले तुहौरांगी लोकच वाटाडे, नावाडी आणि नाचाचे पैसे घेणारेही. त्या काळच्या प्रवाशांनी 'हे लोक फार पैसे उकळतात' अशी रड लिहून ठेवली आहे. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा ज्वालामुखी फुटला, सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, पायऱ्या गेल्या, ते वेरोआ गाव राखेखाली गेलं. वाचलेल्यांतले पुष्कळजण फाकारेवारेवाला आले आणि पुन्हा वाटाडे झाले. त्यांच्यातल्या मकेरेती या बाईनं १९०१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला हा परिसर फिरवून दाखवला. पुढं ती ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकली आणि आपल्याच लोकांवर लिहिलं. ते पुस्तक तिच्या मरणानंतर, १९३८ मध्ये निघालं. मी हे ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, आता गप्प बसतील.

उत्तर आलं, "तिकडं बसून ज्ञान पाजळू नको."

आता खरं सांगायचं तर मी सोयीचं तेवढंच टाकलं होतं. माओरींची जमीन कशी गेली ते टाकलं नाही. 'का माते' हा हाका, म्हणजे माओरींचा आवेशाचा नाच, इथं बिस्किटापासून गाडीपर्यंत कशाकशाच्या जाहिरातीत वापरला गेला, ते टाकलं नाही. २०१४ मध्ये कायदा झाला, पण त्यात पैसे नाहीत, परवानगीही नाही. एवढंच, की धंद्यासाठी वापरलात तर तो ते रौपराहानं रचला, तो न्गाती तोआ या माओरी टोळीचा प्रमुख होता, हे लिहा.

आणि दिवाळीचं तर मुळीच टाकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इथल्या दिवाळी कार्यक्रमात आम्ही आठजणांनी गजनृत्य केलं. आठांत धनगर कुणीच नाही. दोघे पुण्याचे, एक नाशिकचा, एक तर तेलुगू. अंगरखे कोल्हापूरहून कुरिअरनं मागवले. हॉलवाल्यांनी कार्पेटमुळं हळदीला मनाई केली, म्हणून पिवळ्या क्रेप कागदाचे तुकडे उधळले. टाळ्या भरपूर पडल्या. सोमवारी स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, माझ्या ऑफिसातल्या माओरी बाईनं व्हिडिओ बघितला आणि विचारलं, "हे तुमच्या लोकांचं?" मी "हो" म्हणालो, मग "म्हणजे आमच्या भागातलं". "शिकवलं कुणी?" यूट्यूब. "त्यांना माहीत आहे, तुम्ही करता ते?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता, टोमणा असता तर मी भांडलो असतो. मी काहीतरी पुटपुटलो. ती "ओके" म्हणाली आणि कप धुवायला गेली.

त्याच वर्षी मी यात्रेला गेलो होतो. लहानपणी आई कोडोलीचं घोंगडं आणायची, तेवढीच आमची ओळख. फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत, ऐकायला लाखोंची गर्दी, ढोल छातीत वाजत होते, हवा पिवळीधम्मक. माझ्या पुढं एक फोटोग्राफर घडीच्या शिडीवर उभा होता. एका म्हाताऱ्यानं भंडाऱ्याची मूठ वर उधळली आणि नेमका त्याचा क्षण चुकला. तो वरूनच ओरडला, "बाबा, परत एकदा!" म्हाताऱ्यानं रिकामी मूठ उघडून दाखवली. "भंडारा इकत घेऊन ये, मग टाकतो." फोटोग्राफर खरंच शिडीवरून उतरला, दुकानातून पुडा घेऊन आला. म्हाताऱ्यानं त्यातला अर्धा कमरेच्या पिशवीत सारला आणि उरलेला असा काही उधळला की दोघंही खूश.

त्यात कोण कुणाला फसवत होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शिडीमागून मीही मोबाईल वर धरून उभा होतो, हे मात्र ग्रुपवर सांगितलेलं नाही.

काल वर्गमित्राचा वेगळा मेसेज आला. दरपत्रकात दोन रकाने आहेत, भारतीय आणि परदेशी. माझा पासपोर्ट मागच्याच वर्षी बदलला, हे त्याला माहीत आहे. "ये रे भावा, भांडून काय मिळतंय. फक्त सांग, तुला कशात धरू?"

दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असतील. उत्तर दिलेलं नाही. ऑक्टोबरचं तिकीट मात्र काढून ठेवलंय.