‘रेकॉर्ड बघा’ म्हणता, मग बघूच

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरत असतो: पारधी म्हणजे पिढीजात चोर, जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा कधीच गेला, आता पोलीस जात बघत नाहीत, खोटं वाटत असेल तर रेकॉर्ड बघा.

कायदा गेला, खरं आहे. 1871 पासून चालत आलेला तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला देशभर रद्द झाला. पण काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातीच्या (म्हणजे त्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या, पारध्यांसारख्या जमातींच्या) माणसाला थेट सराईत गुन्हेगार मानायची सोय तशीच राहिली. सुप्रीम कोर्टानं ती मोडली 3 ऑक्टोबर 2024 ला. त्याच निकालात, विमुक्तांना मनमानी अटक होऊ देऊ नका, असंही पोलिसांना बजावावं लागलं. जात कोणी बघतच नसतं तर हे कशाला?

राहिलं रेकॉर्ड. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी आपण सगळ्यांनी वाचलीय. मुद्देमालही पाठ झालाय: कोयता, दोरी, मिरचीपूड. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, त्यामुळे अटक का हवी हे पोलिसांना लेखी दाखवावं लागतं. दरोड्याच्या तयारीला मात्र दहा वर्षांपर्यंत, आणि चोरीला काहीच जावं लागत नाही. दरोडा म्हणायला पाच माणसं लागतात. पारध्यांच्या पालावर, म्हणजे तंबूंच्या वस्तीवर, ती केव्हाही सापडतात.

मग पुढची बातमी: ‘एकाला पकडताच सहा गुन्हे उघडकीस’. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, पण गुन्हे नावावर चढतात. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला (खटला अजून संपलेला नाही अशाला) कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ भरल्यावर जामिनावर सोडायची तरतूद आहे. एकाहून जास्त केसेस प्रलंबित असल्या की तीही गेली. जामीन झालाच, तर सातबारावाला जामीनदार आणा म्हणतात. गायरानात पाल टाकणाऱ्यासाठी कोण उभं राहणार?

चोरी करणाऱ्या पारध्याला शिक्षा व्हावीच, त्याबद्दल वाद नाही. पण महाराष्ट्रातलीच 2003 ची एक दरोडा-खुनाची केस बघा. भटक्या जमातीतले सहा जण धरले गेले. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी ठरवली. 2019 मध्ये त्याच कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लागली. तोवर सोळा वर्षं ते सहा जण तुमच्या त्या रेकॉर्डवर ‘दरोडेखोर’ म्हणूनच होते.