कॅमेरा, कठडे आणि झोपेची गोळी: वृद्धाश्रमाची सुरक्षितता एवढ्यावर ठरत नाही

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम बघताना तीनच गोष्टी तपासा, असं सांगणारा मेसेज फिरतोय: मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही, पलंगाला कठडे (गरज पडली तर रात्री बांधून ठेवायची सोय) आणि शांत झोपेची गोळी. हे असलं की म्हणे निर्धास्त राहा. कृपा करून राहू नका.

कॅमेऱ्यात मारहाण, चोरी दिसेल. तेवढा त्याचा उपयोग आहेच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला माकडहाडावर, टाचांवर होणारे बेडसोअर (सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) पांघरुणाखाली असतात. ते टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. म्हणून रात्रपाळीला किती मावशी असतात आणि एकेकीकडे किती जण, हे विचारा.

कठड्यांचा सल्ला मात्र घातक आहे. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा लघवीला उठायचं म्हणून कठड्यावरून चढतात आणि पलंगाच्या उंचीऐवजी कठड्याच्या उंचीवरून पडतात. गादी आणि कठडा यांच्या फटीत मान अडकून माणसं दगावली आहेत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 1995 मध्येच तसा इशारा दिला होता. बांधून ठेवलं की स्नायू झिजतात, तोल जातो, आणि सोडल्यावर पडण्याचा धोका उलट वाढतो. निव्वळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायला अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये 1987 च्या कायद्याने मनाई आहे. बुटका पलंग, पायाशी मंद दिवा, कोरडं न्हाणीघर, संडासात धरायला दांडा, झोपण्याआधी आणि मध्यरात्री लघवीला नेऊन आणणारं माणूस: पडणं कमी होतं ते यामुळे. यातलं माणूस सोडलं तर महागडं काहीच नाही, आणि खर्च वाचवला जातो तो नेमका माणसावरच.

गोळीबद्दल थोडक्यात. गुंगीत उठलेला म्हातारा माणूस हमखास धडपडतो. स्मृतिभ्रंशात ‘शांत’ करायला वापरल्या जाणाऱ्या अँटीसायकोटिक (मूळात गंभीर मनोविकारांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना एफडीएने 2005 मध्ये त्यांवर छापायला लावली. कोणती गोळी, कोणी लिहून दिली, कशासाठी, हे कागदावर मागा. तो तुमचा हक्क आहे.

आणि भेटीला वेळ कळवून जाऊ नका. जेवणाच्या वेळी जा, भरवायला कोण बसतं ते बघा; मनगटावर वळ दिसतात का तेही बघा. दिसले तर व्यवस्थापकाला लेखी जाब विचारा आणि ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, 14567 ला, फोन करा.