शाडूचा गणपती, पण रंग कुठला?

नागपंचमी जवळ आली की आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, मूर्तीसाठी पाट पोचवायची गडबड सुरू होते. आणि फेसबुकवर दरवर्षीचं भांडणही: शाडू की प्लास्टर? मी शाडूवाल्यांतलाच. पण भांडतोय आपण मातीवरून, आणि शिसं-पारा पाण्यात जातो तो मुख्यतः रंगातून. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. विरघळता विरघळत नाही, व्हाळाच्या (ओढ्याच्या) तळाशी महिनोन्‌महिने पडून राहतं. वाईटच. पण पितांबराचा झळझळीत पिवळा बघा. क्रोम यलो असेल तर तो लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियम एकाच डब्यात. सोनेरी पूड बऱ्याचदा तांबं-जस्ताची भुकटी. हेच रंग शाडूच्या मूर्तीला फासले तर माती भराभर विरघळते आणि रंगाचे पापुद्रे उलट लवकर सुटतात. वर आपण ‘इको-फ्रेंडली बाप्पा’ म्हणून फोटो टाकायला मोकळे!

आणि पूर्वीचं सगळं शुद्ध होतं, हेही उगाच. गेरू, पिवडी, चुना ठीक. पण शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड.

‘समुद्र केवढा मोठा, काय होतंय’ असं म्हणणारे असतात. अहो, आपले किती गणपती समुद्रात जातात? वाडीचे गणपती जातात व्हाळात, तळीत, नाहीतर खाडीच्या कडेला. तळीतलं तळीतच राहतं. भाद्रपदात व्हाळाला ओढ असते, सगळं वाहून जातं, कबूल. पण जातं कुठे? खाडीत. तिथे धातू गाळाला धरून बसतात, आणि कालवं तिथल्याच खडकांवर, तिसऱ्या त्याच चिखलात वाढतात. पाणी गाळून पोट भरणारे जीव ते, धातू अंगात साठवतात. ओहोटीला आपण ते काढून आणतो, सुकं करतो, पोरांना आग्रहाने वाढतो. शिजवून शिसं जात नाही. आणि लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गणपतीमुळेच खाड्या बिघडल्या असं मी म्हणत नाही. दाभोळ खाडीतले मच्छीमार लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडतायत. ‘आमच्याच सणावर का?’ हा प्रश्न मला अर्धा पटतो तो त्यामुळेच. अर्धाच, कारण मूर्तीचा रंग ठरवायला मला कुठल्या मंत्रालयात जावं लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्ती विसर्जनाबद्दलच्या २०२० च्या सूचनांत विषारी रंगही नकोत असं म्हटलंय. कोर्टात आणि बातम्यांत गाजलं फक्त प्लास्टर. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम २०१७ पासून लागू आहे. पण बाजारातली बिनलेबलची सुटी पुडी कोण तपासतो?

यात शाळेतल्या मूर्तिकाराला झोडपू नका. पाट देताना ‘सोनेरी जरा चांगलो मार हां’ असं सांगणारे आपणच. फिका गणपती दिसला की शेजारी नाक मुरडणार, हे त्याला पक्कं माहीत असतं. गेरू-हळदीच्या रंगाला मेहनत जास्त, उठाव कमी. तेव्हा चार पैसे जास्त मोजायची तयारी दाखवा, आणि डब्यावरचं लेबल बघायला मागा. रागावला तर रागावला.

तुमच्या गावच्या शाळेत कुठले रंग वापरतात? पाट द्यायला जाल तेव्हा विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. शाडू-प्लास्टरचं भांडण मात्र इथे नको, त्यासाठी बाकीचं फेसबुक आहे.