ड्यूईंचा वर्ग आणि एक किलोमीटरची अट

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. इथे न्यू जर्सीतल्या मराठी गप्पांमध्ये बहुतेकांचा सूर सरकारच्या बाजूचा होता: शेजारी फुकट शाळा आहे ना, मग आमच्या भाचरांच्या फीवर इतरांची मुलं कशाला?

मला तेव्हा अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आठवले. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू एवढीच त्यांची आपल्याकडे ओळख. 1859 साली व्हरमाँटमध्ये जन्मलेला हा माणूस आधी शाळामास्तर होता. शिकागो विद्यापीठात असताना त्याने 1896 मध्ये एक प्रयोगशाळाच म्हणावी अशी शाळा काढली. तिथे मुलं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करत आणि त्या ओघात गणित-विज्ञान शिकत. आपल्याकडे यातलं ‘कृती’ तेवढं उचललं गेलं, आणि तेही असं की रात्री दहा वाजता आई थर्माकोल कापत बसते.

ड्यूईंना हातकामाचं कौतुक होतं, पण त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता. वर्गात कोण कोणाबरोबर बसतं, हा. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे, असं त्यांनी 1916 साली लिहिलं. वीस वर्षांनी, लाहोरला न झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात, बाबासाहेबांनी हेच जवळजवळ त्याच शब्दांत जातिव्यवस्थेसमोर उभं केलं. गट एकमेकांत मिसळतच नसतील तर तो समाज कसला, हा प्रश्न ड्यूईंपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्याने जास्त धारदार केला. अमेरिकेतल्या वंशभेदाबद्दल ड्यूईंनी लिहिलं ते त्या मानाने थोडंच.

कायद्याबद्दलही त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. 1924 च्या एका लेखात ते म्हणतात की कायद्याची तत्त्वं म्हणजे कामापुरती गृहीतकं. प्रत्यक्षात त्यांचं काय होतं ते सतत तपासत राहायचं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स त्यांचे चाहते होते. निकालाचा समाजावर काय परिणाम होतो ते पाहणारी कायदेपंडितांची जी पिढी पुढे आली, तिने ड्यूईंकडून बरंच घेतलं. ही कसोटी एक किलोमीटरच्या अटीला लावा. कागदावर प्रत्येक मुलाला शाळा मिळतेच. प्रत्यक्षात शहरांत जवळपास महापालिकेची शाळा असतेच, त्यामुळे फी भरणाऱ्यांची आणि न भरणाऱ्यांची मुलं एका बाकावर येण्याची शक्यताच संपते.

आणि आम्ही काय करतो? घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतो. इथे शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणजे महाग गावाची शाळा चांगली आणि स्वस्त गावाची जेमतेम. याविरुद्ध टेक्सासमधले पालक न्यायालयात गेले होते. 1973 साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. भारतात तो 2002 च्या घटनादुरुस्तीने आला. या बाबतीत आपला कायदा इथल्यापेक्षा पुढे आहे, हे डॉलरमध्ये कमावणाऱ्यांच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही. ड्यूईंची शिकागोतली शाळा आज भरमसाट फीची खासगी शाळा आहे. ओबामांच्या मुली तिथेच शिकल्या.

शाळाचालकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. या जागांच्या फीची प्रतिपूर्ती सरकार वेळेवर करत नाही, थकबाकी वाढत जाते, आणि मग चालक प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांत खोट काढत बसतात. सूट देण्याऐवजी सरकारने आधी ही थकबाकी चुकती करावी. मग वर्गात त्या 25 टक्क्यांना वेगळ्या रांगेत बसवतात का, सहलीला नेतात का, हे तपासायला कुणीतरी जावं.